‘धरवत नाही’ : स्त्रियांची अनावर लघवी, दांपत्यजीवन आणि मराठी शब्द

स्त्रीच्या मूत्राशयाचा विकार आणि भाषेचा अभ्यास ह्यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न ह्या लेखाचे शीर्षक वाचून कोणासही पडेल. वैद्यकाचा प्रश्न वैद्यांनी सोडवावा, हे म्हणणे एका मर्यादेपर्यंत योग्यच आहे. परंतु काही विकार असे असतात की त्यांत रोगी दगावत नाही, अंथरुणास खिळत नाही, बाह्यतः निरोगीच दिसतो. आणि त्यांचे निदान प्रथमतः रोग्याने काय सांगितले ह्यावरच अवलंबून असते. अशा विकारांत शब्द हेच वैद्याचे पहिले साधन होय. खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना, अथवा घाईची लागली असता वाटेतच स्त्रीला लघवी सुटणे, हा त्यांपैकी एक विकार आहे. त्याची झळ स्त्रीच्या शरीरापुरती राहत नाही. ती पतिपत्नींच्या सहवासापर्यंत पोहोचते. मात्र ही जवळीक दुरावण्यास प्रत्यक्ष विकारापेक्षा त्याविषयी बोलावयास योग्य शब्द न सापडणे हेच पुष्कळदा अधिक कारणीभूत होते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांतील परिस्थिती व मराठीतील शब्दव्यवहार समोर ठेवून ह्या विधानाचा विचार येथे करावयाचा आहे.

विकाराचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय मूत्रनियमन संस्थेने २००२ साली ह्या विकाराची जी व्याख्या निश्चित केली तिचा मथितार्थ एवढाच आहे की, इच्छा नसताना लघवी जाते अशी तक्रार म्हणजे हा विकार. व्याख्येचा आरंभच तक्रारीपासून होतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पोटातील दाब वाढला, म्हणजे खोकला, शिंक, हसणे, वाकणे, ओझे उचलणे असे काही घडले, की मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू त्या दाबास पुरे पडत नाहीत. दुसऱ्यात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते आणि लागली असे वाटताच ती थोपविण्यास अवधी मिळत नाही. पुष्कळ स्त्रियांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. योनिमार्गे झालेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व त्यांच्या नसा ताणल्या जाणे, वाढते वय, ऋतुनिवृत्ती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, स्थूलता आणि मधुमेह ही त्याची परिचित कारणे आहेत. दीर्घकाळ अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय व योनिमार्ग ह्यांमध्ये भोक पडून लघवी अखंड झिरपत राहते, तो प्रकार ह्याहून वेगळा असून त्यास बहुधा शस्त्रक्रिया लागते.

हा विकार विरळा नाही. नॉर्वेमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे २८,००० स्त्रियांपैकी २५ टक्के स्त्रियांनी आपणास असा त्रास होतो असे सांगितले. समागमाच्या वेळीही लघवी जाऊ शकते, ही गोष्ट वैद्यकास ठाऊक होती; परंतु हिल्टन ह्या इंग्रज वैद्याने १९८८ साली ती नीट मोजून मांडली. त्याच्या चिकित्सालयात आलेल्या स्त्रियांपैकी ज्यांचे शरीरसंबंध चालू होते अशा ३२४ जणींना त्याने मुद्दाम विचारले, तेव्हा ७९ जणींनी, म्हणजे २४ टक्क्यांनी, होकार दिला. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांना संबंधाच्या आरंभी व उरलेल्यांना कामपूर्तीच्या क्षणी हा त्रास होत असे. हा अनुभव पुष्कळ जणींचा असला तरी आपण होऊन तो क्वचितच कोणी सांगते, असे त्याने निबंधाच्या शीर्षकातच नमूद केले. ह्या स्त्रिया मूत्रविकारासाठीच चिकित्सालयात आलेल्या होत्या. तरीही ही एक बाब त्यांच्या ओठांवर आली नाही.

दोन तालुके

आपल्याकडे ही अडचण अधिक बिकट होण्यास भूगोल व श्रम ही दोन्ही कारणे आहेत. शहापूर तालुक्यात तानसा व भातसा ही धरणे आहेत. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेव्हापासून तेथील पाणी मुंबईस जाते. परंतु ह्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. विहीर आटली की हंडा-कळशी डोक्यावर घेऊन लांबवर जाणे स्त्रियांच्याच वाट्यास येते. मुरबाड तालुक्यात माळशेज घाटाच्या पायथ्याकडील पाड्यांची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही. पावसाळ्यात भाताच्या लावणीस दिवसदिवस चिखलात ओणवे राहावयाचे, पुढे भाऱ्यांची वाहतूक, हिवाळ्यात व उन्हाळ्यात सरपणाची मोळी, आणि भात निघाल्यावर पुष्कळ कातकरी कुटुंबांचे वीटभट्ट्यांवर स्थलांतर, असे हे वर्षाचे चक्र आहे. बाळंतपणानंतर सैल झालेल्या स्नायूंवर ओझ्याचा दाब पुनःपुन्हा पडत राहिला तर दाबाबरोबर लघवी सुटण्याचा प्रकार बळावणे स्वाभाविक आहे.

विकाराबरोबर जगणेही ह्या परिस्थितीत अवघड जाते. जेथे पाणी मोजून वापरावयाचे तेथे ओले झालेले लुगडे वा गोधडी रोज धुणे शक्य नाही. आणि धुतलीच तर ती आडवणावर वाळत घातलेली सर्व घरास दिसते. कुडाच्या एकदोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, मुले व नवराबायको एकाच छपराखाली निजतात. तेथे जवळीकीस मिळणारा वेळ थोडा, अंधारातला आणि आवाज न करता काढावयाचा असतो. रात्री लघवीसाठी तीनतीन वेळा उठून दार उघडावे लागले तर ती गोष्टही घरात लपत नाही. तज्ज्ञ वैद्याकडे जाण्यासाठी कल्याण अथवा उल्हासनगर गाठावयाचे म्हटले तर एस. टी. चा वा जीपचा प्रवास आड येतो. कारण प्रवासात सोय नाही म्हणून पाणीच न पिता निघणे, हा त्यावर स्त्रियांनी काढलेला सर्वत्र परिचित उपाय आहे. पाणी कमी पिण्याने लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह वाढतो आणि घाईचा प्रकार उलट वाढू शकतो.

ग्रामीण स्त्रियांची अशी दुखणी किती झाकलेली राहतात ह्याचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित पुरावा गडचिरोली जिल्ह्यातील आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता. परंतु पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. ती पाहणी केवळ मूत्रविकाराची नव्हती; तथापि दुखणे असणे आणि ते सांगितले जाणे ह्यांतील अंतर तिने जगास दाखवून दिले.

शब्दांची चणचण

आता मूळ मुद्द्याकडे यावयाचे. मराठीत ह्या अवयवांविषयी व त्यांच्या दुखण्यांविषयी शब्द मुळीच नाहीत असे नव्हे. लघवीची आग होणे ह्यास ‘उन्हाळी लागणे’ हा सुंदर व निष्पाप शब्द आहे. तो सासूसुनांच्या संभाषणात आणि पतिपत्नींतही मोकळेपणाने येतो, कारण त्याचा दोष उन्हाकडे जातो. पांढरे जाण्यास ‘धुपणी’, गर्भाशय खाली सरकण्यास ‘अंग बाहेर येणे’, अतिरिक्त रक्तस्रावास ‘अंगावर जाणे’ असे प्रयोग रूढ आहेत. परंतु लघवी सुटण्याच्या विकारास असे एकही स्थिर नाम नाही. आहेत ती केवळ वाक्ये.

शिवाय ज्या शब्दांनी ती वाक्ये बनावयाची तेच संकोचाचे आहेत. ‘मुतणे’ हे सरळ क्रियापद आज मुलांपुरते व जनावरांपुरते उरले असून मोठ्या माणसाविषयी ते ग्राम्य ठरते. ‘लघवी’ हा शब्द मुळात त्यावर घातलेला पडदाच आहे. ‘लघु’ ह्या विशेषणापासून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ ‘हलकी’ वा ‘लहान’ एवढाच. ‘लघुशंका’ त्याच कुळातील. शाळेत मूल करंगळी दाखवते किंवा ‘एकीला जाऊ का’ असे विचारते. आता ‘लघवी’ ह्या पडद्यावरही नवे पडदे चढले असून ‘बाथरूमला होणे’, ‘युरिनचा त्रास’ असे प्रयोग खेड्यांतही ऐकू येतात. अप्रिय वस्तूसाठी योजलेला सौम्य शब्द कालांतराने त्या वस्तूच्या संसर्गाने स्वतःच अप्रिय होतो आणि मग त्याच्या जागी दुसरा शोधावा लागतो, हा शब्दार्थशास्त्राचा परिचित नियम येथे स्पष्ट दिसतो. ह्या प्रत्येक पायरीवर अर्थाची नेमकी रेषा थोडी पुसली जाते. ‘युरिनचा त्रास’ ह्यात आग, जंतुसंसर्ग, खडा, अडथळा व सुटणे हे सर्व समाविष्ट होते. म्हणजेच त्यातून निश्चित असे काहीच सांगितले जात नाही.

‘पिशवी’ ह्या शब्दाने घोटाळ्यात आणखी भर पडते. मूत्राशय ही ‘लघवीची पिशवी’ आणि गर्भाशय ही ‘गर्भाची पिशवी’. परंतु विशेषणाविना नुसते ‘पिशवी’ म्हटले की अर्थ गर्भाशय असाच होतो. ‘पिशवीचा त्रास आहे’ ह्या वाक्याने लघवीची तक्रार गर्भाशयाची ठरण्याचा संभव आहे. आणि ‘पिशवी काढणे’ हा उपाय समाजात सुपरिचित असल्यामुळे चुकीच्या शब्दाचे पर्यवसान चुकीच्या शस्त्रक्रियेच्या सल्ल्यात होऊ शकते. गर्भाशय काढल्याने लघवी सुटणे थांबत नाही. उलट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या नोंदवहीच्या अभ्यासात असे आढळले की, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे दाबाने लघवी सुटण्यावरील शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होते.

ह्या क्षेत्रातील शब्दसंग्रहाकडे भाषाभ्यासकांचेही दुर्लक्षच झाले आहे. ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) ठाकरी, कातकरी, आगरी, कुणबी इत्यादी बोलींचे नमुने दिले आहेत. परंतु सर्वेक्षणाचा ठराविक नमुना म्हणजे उधळ्या पुत्राची कथा. तीत मुख्यतः पिता व दोन पुत्र ह्यांचा संवाद आहे. सोबतच्या शब्दयादीत शरीराचे अवयव आहेत. हात, पाय, नाक, डोळा असे करीत ती यादी पोट व पाठ ह्यांपाशी थांबते. ठाकर वा कातकरी स्त्री आपल्या दुखण्याविषयी कोणती क्रियापदे वापरते हे अशा साधनांतून कळण्याचा मार्ग नाही.

नकाराची भाषा

पतिपत्नींच्या व्यवहारात ह्या उणिवेचे परिणाम कसे होतात हे पाहण्यासाठी नकाराची भाषा तपासली पाहिजे. पत्नीने समागमास नकार देण्यासाठी परंपरागत मराठी समाजात काही मान्य शब्द आहेत. ‘अडचण आहे’, ‘बाहेरची आहे’, ‘कावळा शिवला’ हे मासिक पाळीचे. ‘उपास आहे’ हा व्रताचा. बाळंतपणानंतरचे सव्वा-दीड महिने हे रूढीनेच वर्ज्य. ह्या सर्व शब्दांचे दोन विशेष आहेत. एक, त्यांत पतीविषयी अप्रीती सुचत नाही. दुसरा, त्यांची मुदत ठरलेली असते. पाळीची अडचण चार-पाच दिवसांत सरते आणि उपास दुसऱ्या दिवशी सुटतो.

लघवी सुटणाऱ्या स्त्रीपाशी असा शब्द नाही. म्हणून तिला इतरांचे शब्द उसने घ्यावे लागतात. कधी ती ‘अडचण’ लांबविते, कधी उपास वाढविते, कधी ‘कंबर दुखते’, ‘अंग मोडून आले आहे’ असे म्हणते, कधी मुलाला मध्ये घेऊन निजते, तर कधी सर्व झोपेपर्यंत काम काढून बसते. उसन्या शब्दाची मुदत संपली की त्यामागचा नकार मात्र उरतो. आणि मुदतीविना उरलेल्या नकाराचा अर्थ ऐकणारा आपल्या परीने लावतो. पतीस वाटते की आपण नकोसे झालो, अथवा हिचे मन दुसरीकडे आहे. क्वचित अंगास वास आला वा अंथरूण ओले आढळले तर ‘गुप्तरोगा’ची शंका येते. हीही शंका भाषेनेच पेरलेली आहे. कारण लोकव्यवहारात ‘परमा’सारखे शब्द मूत्रमार्गाचे दुखणे आणि परस्त्रीपरपुरुषसंबंध ह्यांची गाठ पूर्वीपासून घालीत आले आहेत. शरीराच्या एका स्नायूचा दुबळेपणा अशा रीतीने चारित्र्याचा प्रश्न होऊन बसतो.

स्त्रीच्या बाजूने पाहता, ज्यांच्याशी बोलता येते ती माणसे निराळी आहेत. जाऊ, माहेरची बहीण, वहिनी, मावशी, पाणवठ्यावरील समवयस्क मैत्रीण ह्यांच्यापाशी अशी गोष्ट निघू शकते. पतीचे नाव न घेता ‘हे’, ‘आमचे मालक’, ‘घरधनी’ असा उल्लेख करण्याची रीत जेथे आहे, आणि ज्या रीतीत नाव घ्यावयाचे तर उखाण्याचाच आधार घ्यावा लागतो, तेथे पतीसमोर मूत्रमार्गाचे नाव घेणे किती दूरचे, हे सांगावयास नको. सर्व समाजांत ही रीत सारखीच कडक आहे असे मात्र नाही. जेथे ती सैल आहे तेथे हे संभाषण तुलनेने सोपे होईल असे अनुमान करता येते, आणि ते पडताळून पाहण्याजोगे आहे.

ह्या मौनात एक शारीरिक दुष्टचक्रही दडलेले असते. सुटेल ह्या धास्तीने स्त्री समागमाच्या वेळी सर्व वेळ अंग आवळून धरते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असे ताठलेले असता सुख तर राहोच, वेदना होतात; वेदनेमुळे पुढील वेळची धास्ती वाढते. पतीस तिचे ताठरणे दिसते, परंतु त्याचे कारण दिसत नाही.

‘असंयम’ ह्या संज्ञेचा दोष

लोकभाषेत नाम नाही म्हणून शास्त्रीय परिभाषेने ते पुरविले असते तर बरे झाले असते. परंतु परिभाषेत जो शब्द प्रचारात आला आहे, तो ‘मूत्र-असंयम’, ह्या कामी अपायकारक आहे. संयम हा मनाचा व नीतीचा गुण आहे. ‘असंयमी’ म्हणजे ज्याचा इंद्रियांवर ताबा नाही तो. विसाव्या शतकातील मराठी विचारविश्वात तर ‘संयम’ ह्या शब्दास लैंगिक अर्थ ठळकपणे चिकटला. महात्मा गांधींनी संततिनियमनाचा मार्ग म्हणून संयमाचा पुरस्कार केला. आणि त्याच्या उलट बाजूस र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कृत्रिम साधनांचा व मोकळ्या लैंगिक शिक्षणाचा प्रचार केला. त्यापायी कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ह्या वादामुळे मराठी वाचकाच्या कानी ‘संयम’ हा शब्द शय्यागृहाशी निगडित होऊनच पडतो. मूत्राशयाच्या दुखण्यास ‘असंयम’ म्हणणे म्हणजे नकळत रुग्ण स्त्रीवर ठपका ठेवणे होय.

ह्यात मराठी परिभाषाकारांचा एकट्याचा दोष नाही. ज्या इंग्रजी ‘इन्कॉन्टिनन्स’चा हा अनुवाद, त्या शब्दाचाही इंग्रजीतील जुना अर्थ, चौदाव्या शतकापासूनचा, कामवासनेस आवर नसणे असाच आहे, वैद्यकीय अर्थ त्यास अठराव्या शतकात आला. इंग्रजीत जुना अर्थ आज बहुतेक मावळला आहे. मराठीत मात्र तो अनुवादाने पुन्हा जिवंत केला.

दुसरे उदाहरण ‘तणावजन्य’ ह्या विशेषणाचे. दाबाने लघवी सुटण्याच्या प्रकारास इंग्रजीत ‘स्ट्रेस’ हे विशेषण आहे. त्याचा अर्थ शरीरावरील भार. त्याचे ‘तणावजन्य’ असे भाषांतर केले की आजचा मराठी वाचक चिंता, मनस्ताप असाच अर्थ घेतो. ‘तुम्हाला तणावामुळे होते’ असे ऐकलेल्या स्त्रीस वाटेल की दोष आपल्या मनाचा आहे, आणि तिच्या पतीसही तसेच वाटेल. ‘दाबाने सुटणे’ असे म्हटल्यास शास्त्रार्थही साधतो आणि गैरसमजही टळतो.

शक्य क्रियापदाचा उपयोग

आश्चर्याची गोष्ट अशी की, जे नाम परिभाषेस नीट घडविता आले नाही त्याचे काम रोजची मराठी क्रियापदांनी अचूक करते. ‘खोकले की सुटते’, ‘मोळी उचलली की जाते’ हा पहिला प्रकार. ‘लागली की धरवत नाही’, ‘दारापर्यंत पोहोचवत नाही’ हा दुसरा. ‘सारखी झिरपते, कळतच नाही’ हा तिसरा, ज्यात वैद्याने भोकाची शंका घ्यावी. निदानास लागणारा मूलभूत भेद ह्या साध्या वाक्यांत पूर्ण आलेला आहे.

त्यांचे व्याकरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘सुटते’ हे अकर्मक क्रियापद असून त्यास करणारा कोणी नाही. ‘सोडते’ म्हटले असते तर स्त्री कर्ती झाली असती. ‘धरवत नाही’ हे मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) अभ्यासकांस परिचित असलेले शक्य क्रियापद होय. धातूस ‘व’ लागून ते बनते आणि करणारा प्रथमेत न राहता ‘मला’ किंवा ‘माझ्याच्याने’ अशा रूपात येतो. ‘मी धरत नाही’ ह्यात इच्छेचा अभाव सुचतो. ‘मला धरवत नाही’ ह्यात इच्छा आहे, सामर्थ्य नाही. असंयम आणि असामर्थ्य ह्यांतील भेद, जो परिभाषेतील नाम पुसून टाकते, तो मराठीचे एक अक्षर स्वच्छ राखते.

हाच भेद दांपत्याच्या संभाषणासही लागू पडतो. पत्नीच्या वागण्यातून पतीला जे वाक्य ऐकू येते ते ‘ती जवळ येत नाही’ हे. तिच्या मनात असते ते ‘मला जवळ येववत नाही’. पहिले वाक्य रुसवा, तिटकारा वा व्यभिचार ह्यांपैकी कशाचेही असू शकते. दुसरे केवळ दुखण्याचे असते, आणि दुखण्यास औषध शोधता येते. दोघांमधील अंतर एका प्रत्ययाएवढे असले तरी ते वाक्य उच्चारले गेल्याशिवाय तुटत नाही.

प्रश्न विचारण्याची रीत

ह्या विकाराचे मोजमाप करण्यासाठी जगभर ज्या प्रश्नावल्या वापरतात त्यांचे भाषांतर हा भाषाभ्यासकाच्या अधिकारातील विषय आहे. २००४ साली सिद्ध झालेली एक छोटी आंतरराष्ट्रीय प्रश्नावली किती वेळा, किती प्रमाणात, रोजच्या जीवनात किती अडथळा आणि केव्हा, एवढे चारच प्रश्न विचारते. तीत पहिल्या तिहींवरून ० ते २१ असे गुण होतात. त्यातील अडथळ्याचा प्रश्न ० ते १० ह्या पट्टीवर आहे. अशी पट्टी न पाहिलेल्या स्त्रीस ती परकी वाटते. परंतु ‘आठ आणे फरक पडला’, ‘बारा आणे बरे आहे’ ही मोजणी नाणी गेल्यावरही मराठी बोलण्यात टिकून आहे. रुपयातील आण्यांनी विचारल्यास उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

२००३ सालच्या दुसऱ्या एका बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीत लैंगिक जीवनाविषयी विचारणा आहे. तिच्यातील शब्द अधिक अवघड आहेत. ‘पार्टनर’साठी ‘जोडीदार’ हा शब्द बैलाच्या वा खेळातील जोडीचा वाटेल. ‘मालक’, ‘घरचे’ असेच म्हणावे लागेल. ‘शरीरसंबंध’ हा शब्द आज वृत्तपत्रांतील गुन्ह्यांच्या बातम्यांतून व पोलिसी जबानीतून ऐकू येतो. त्यामुळे त्याने विचारलेला प्रश्न चौकशीसारखा भासतो. ‘संभोग’ व ‘समागम’ हे पुस्तकी आहेत. ‘नवरा जवळ येतो तेव्हा’ हे वाक्य सर्वांस कळते व कोणास बोचत नाही. प्रश्नाचा क्रमही महत्त्वाचा आहे. मोळी, खोकला, रात्रीचे उठणे असे विचारीत विचारीत ‘आणि जवळ येताना?’ असे सहज पुढे गेल्यास तोच प्रश्न दुखण्याच्या यादीतील एक बाब ठरतो. घरोघर जाणारी आशा कार्यकर्ती वा परिचारिका ही स्त्री असते, बहुधा त्याच पंचक्रोशीतील असते. हा प्रश्न तिने विचारला तर त्यास उत्तर मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक.

बोलल्याने काय साधते

विकारावर इलाज नसता तर त्याविषयी बोलण्याने दुःखच वाढले असते. परंतु इलाज आहेत आणि त्यांतील पहिले बिनखर्चाचे आहेत. अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगेल ह्याने १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच, लघवी होत नसताना, काही क्षण आवळून सैल सोडावयाचे, आणि हे दिवसातून अनेकदा, निदान तीन महिने करावयाचे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत दाबाने सुटण्याच्या प्रकारात हा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्क्यांनी, तर न करणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. भाकरी थापताना, भात निवडताना हा व्यायाम कोणास न कळता होऊ शकतो. घाईच्या प्रकारात दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवून मूत्राशयास वळण लावतात. गरज पडल्यास औषधेही आहेत. ऋतुनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणास स्थानिक मलम उपयोगी पडते. व्यायामाने भागले नाही तर मूत्रमार्गास आधार देणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार तज्ज्ञ करतात. समागमापूर्वी लघवी करून घेणे, जाड फडके अंथरणे, पोटावर भार पडणार नाही अशी स्थिती निवडणे हे उपायही लहान असले तरी परिणामकारक आहेत. मात्र ह्या शेवटच्या उपायांना पतीचे सहकार्य लागते आणि सहकार्यास त्याला ठाऊक असणे लागते. बाळंतपणानंतर काही महिने जड हंडा वा मोळी तिला उचलू न देणे हाही उपायच आहे, आणि तो सर्वस्वी घरच्यांच्या हाती आहे.

ह्यावरून भाषाभ्यासकाच्या वाट्यास येणारे काम स्पष्ट होते. शहापूर व मुरबाड येथील ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी व आगरी स्त्रिया ह्या विकाराविषयी, नकाराविषयी व जवळीकीविषयी कोणते शब्द कोणापाशी वापरतात ह्याचा संग्रह स्त्री-अभ्यासकांकडून, त्या त्या बोलीत, संमतीने व नावे गुप्त ठेवून व्हावयास हवा. ‘मूत्र-असंयम’ ही संज्ञा आरोग्यपत्रकांतून काढून ‘लघवी धरवत नाही’ व ‘दाबाने लघवी सुटते’ हे प्रयोग रूढ करावेत. आणि पत्रके केवळ स्त्रियांसाठी न लिहिता पुरुषांसाठीही लिहावीत. कारण जे वाक्य पत्नीस उच्चारता येत नाही ते पतीने आधी वाचलेले असले तर त्यास प्रश्न विचारता येईल. ‘तुला धरवत नाही का?’ एवढा प्रश्न त्याने विचारला तरी तिला उसन्या शब्दांची गरज उरणार नाही.